मांजराला कच्चं मांस-मासळी देण्याआधी: धोके कुठे असतात आणि ताटलीत काय वाढायचं

घरात मांजर आलं की आठवड्याभरात कोणी ना कोणी सांगतंच, "अहो, वाघाची मावशी ती, तिला कच्चंच लागतं." चिकनच्या दुकानात मान, पंजे, कातडी, छाट चार पैशांत मिळते. ओळखीची कोळीण मांदेलीच्या वाट्यावर दोन-चार मासे "हे तुमच्या मांजराला" म्हणून वर टाकते. शिवाय 'रॉ डाएट'ची गोठवलेली पाकिटं आता घरपोच येतात. नव्याने मांजर पाळणाऱ्याला हे सगळं स्वस्त, सोपं आणि नैसर्गिक वाटतं.

आमचं मत स्पष्ट आहे. ठाणे, नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मांजराला कच्चं मांस, कच्ची मासळी, कच्चं अंडं आणि न तापवलेलं दूध यांतलं काहीही देऊ नये. मांजर मांसाहारी आहे, त्याला मांसच हवं, हे शंभर टक्के खरं. पण ते कच्चंच हवं, असं त्याच्या शरीरात काही नाही. शिजवलेल्या मांसातली प्रथिनं मांजराला छान पचतात.

दुकानातली कोंबडी म्हणजे उंदीर नव्हे

"रानात कोण शिजवून देतं?" हा प्रश्न हमखास येतो. रानातलं मांजर उंदीर मारतं आणि काही मिनिटांत हाडं, काळीज, आतड्यांसकट खातं. मांस ताजं असतं आणि त्यात कॅल्शियमपासून टॉरिनपर्यंत (मांजराला लागणारा एक पोषक घटक) सगळं येतं. तरीही त्याला जंत होतात, टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची लागण होते, आणि अशी मांजरं घरच्या मांजराइतकी जगत नाहीत.

आता चिकनचं दुकान डोळ्यांसमोर आणा. पिंजऱ्यात एकावर एक कोंबड्या, त्यांची विष्ठा खालच्या कोंबडीच्या पिसांवर. कापल्यावर सगळ्या एकाच पिंपात. मग सोलणं, पोट फाडणं, आणि तुकडे करायला लाकडी ठोकळा. त्या ठोकळ्यावर सुऱ्याने पडलेल्या चिरांमध्ये सकाळपासूनच्या प्रत्येक कोंबडीचा अंश असतो. सुरा आणि ठोकळा पुसायचं फडकंही तेच, दिवसभर ओलं. कोंबडीच्या आतड्यातले जंतू मांसावर येतात ते याच वाटेने. दुकानदार निष्काळजी असेल असं नाही. ते मांस शिजवून खाण्यासाठी विकलं जातं, आणि शिजवताना हे जंतू मरतात, या हिशेबावर सगळी व्यवस्था उभी आहे. कच्चं वाढलं की तो हिशेबच मोडतो.

मांजरासाठी म्हणून जे मिळतं ते त्याहून वाईट. छाट सहसा परातीत उघड्यावर जमत राहते आणि दुपारी किंवा संध्याकाळी दिली जाते. कातडी आणि मानेवर जंतू जास्त असतात. खिम्यात तर पृष्ठभागावरचे जंतू यंत्रातून फिरून आतपर्यंत मिसळतात. पोषक परिस्थितीत जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एकाचे तीन तासांत पाचशेच्या वर. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांचा वाढीचा पट्टा, आणि आपल्याकडे मे किंवा ऑक्टोबरात दुकानातलं तापमान त्यात अगदी आरामात बसतं. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून घेतलेली पिशवी घोडबंदर रोडच्या कोंडीतून घरी पोहोचेपर्यंत काय होत असेल, ते यावरून समजा.

पाकीटबंद कच्चं खाणं यातून सुटलेलं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाण्याचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हे आजार करणारे जिवाणू सापडले.

जंतू मांजराच्या पोटात थांबत नाहीत

साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया आणि ई. कोलायचे घातक प्रकार ही कच्च्या मांसातली नेहमीची मंडळी. मांजराच्या पोटातलं आम्ल तीव्र असतं, त्यामुळे ते जंतू पचवतं, असं सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. निरोगी, मोठं मांजर बऱ्याचदा आजारी पडत नाही, पण आजारी न पडताही विष्ठेतून दिवस-आठवडे साल्मोनेला बाहेर टाकत राहतं. ते लिटर ट्रेमधून (शौचासाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमधून) येतं, पंजे चाटतं, अंग चाटतं आणि उशीवर झोपतं. म्हणून "आमचा बोका वर्षानुवर्षं कच्चं खातोय, काही झालं नाही" या वाक्यातून बोक्याबद्दल थोडंफार कळतं. घरातल्या माणसांबद्दल काहीच कळत नाही.

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, पासष्टीच्या पुढचे आजी-आजोबा, केमोथेरपी चालू असलेलं किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं कोणी असेल तर कच्च्याचा विचारही करू नका. मांजरांमध्येही पिल्लं, म्हातारी मांजरं, स्टेरॉइडवर असलेली आणि एफआयव्ही किंवा एफईएलव्ही (प्रतिकारशक्ती कमी करणारे मांजरांचे विषाणू) पॉझिटिव्ह मांजरं यांना हेच जंतू जिवावर बेतू शकतात.

टॉक्सोप्लाझ्माबद्दल भीती खूप आणि माहिती कमी. हा परजीवी मांजराला मुख्यतः दोन मार्गांनी मिळतो, शिकारीतून किंवा कच्च्या मांसातून. पहिल्यांदा लागण झाल्यावर मांजर साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याची अंडुकं टाकतं. ती अंडुकं लगेच संसर्गजन्य नसतात, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटर रोजच्या रोज उपसलं तर धोका बराचसा तिथेच संपतो. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं, आणि करणारं दुसरं कोणी नसेल तर हातमोजे घालून करावं, नंतर साबणाने हात धुवावेत. मांजर सोडून देण्याचं काही कारण नाही. फक्त घरात राहणारं आणि शिजवलेलंच खाणारं मांजर टॉक्सोप्लाझ्मा आणणार कुठून? माणसांना हा संसर्ग कमी शिजलेल्या मांसातून आणि न धुतलेल्या पालेभाज्यांतूनही होतो. सासूबाई मांजर हाकलायला निघाल्या असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

बर्ड फ्लू: हा धोका आता लांबचा नाही

एच५एन१ हा विषाणू कोंबड्यांचा म्हणून ओळखला जातो, पण मांजर कुळाला तो फार जड जातो. २०२३ च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये बरीच पाळीव मांजरं या विषाणूने दगावली आणि संशय कच्च्या कोंबडीच्या मांसावर गेला. त्याच वर्षी जुलैत सेऊलमध्ये निवाऱ्यांतली मांजरं मेली. त्यांना दिलेल्या कच्च्या बदकाच्या खाद्यात विषाणू सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यात कधीही घराबाहेर न पडलेलं एक मांजर गेलं. त्याच्या शरीरातला आणि गोठवलेल्या कच्च्या टर्की खाद्यातला विषाणू जनुकीय तपासणीत जुळला. गोठवलेलं होतं, पाकीटबंद होतं, तरीही.

आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्येच नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि नमुन्यांत एच५एन१ निघाला. त्यानंतरच्या महिन्यात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तो आढळला. जागेच्या हिशेबाने आणखी जवळ यायचं तर फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला आणि जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता. चिरनेर म्हणजे नवी मुंबईचा शेजारच. बातमी पेपरात येते तेव्हा विषाणू त्या भागात काही दिवस आधीच पोहोचलेला असतो. नीट शिजवलेल्या कोंबडीतून तो पसरत नाही. कच्च्यातून पसरतो.

तबेल्यातल्या कच्च्या दुधाचंही तेच. मार्च २०२४ मध्ये टेक्ससच्या गोठ्यांवरच्या मांजरांना लागण झालेल्या गाईंचं कच्चं दूध पाजलं गेलं आणि त्यांतली बरीच मेली. तसंही बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. मांजर आणि दूध ही जोडी गोष्टींपुरतीच राहू द्या.

जंतू नसले तरी नुसतं मांस अपुरं

समजा मांस अगदी निर्जंतुक आहे. तरी नुसत्या चिकनवर मांजर नीट वाढत नाही. १०० ग्रॅम चिकन ब्रेस्टमध्ये फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम असतं. मांजराला हे दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात लागतात, कॅल्शियम किंचित जास्त. आहारात कॅल्शियम नसलं की शरीर ते हाडांतून ओढतं. पिल्लांमध्ये हे काही आठवड्यांत दिसतं: पिल्लू लंगडतं, उचलल्यावर ओरडतं, आणि पलंगावरून उडी मारली तरी हाड मोडतं. प्रेमाने रोज चिकन ब्रेस्ट खाऊ घातलेल्या पिल्लांना हे होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट टॉरिन. मांजराचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू पसरून दुबळा होतो. हा हृदयविकार टॉरिनच्या कमतरतेतून होतो हे १९८७ मध्ये स्पष्ट झालं, आणि त्यानंतर तयार कॅट फूडमधलं टॉरिन वाढवलं गेलं. टॉरिन पाण्यात विरघळतं, म्हणून मांस उकडलं तर ते पाणी ओतून देऊ नका, तेही वाढा.

कलेजी मांजरांना वेड लावते. पण रोज दिली तर अ जीवनसत्त्व साठत जातं, मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं, मान आखडते आणि मांजर स्वतःचं अंग चाटेनासं होतं. आठवड्यातून एकदा, शिजवलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. अंडं द्यायचं तर उकडून; कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं आणि साल्मोनेलाचा प्रश्न वेगळाच. हाडं कच्ची असोत की शिजलेली, नकोच. कच्च्या हाडाने दात तुटतात, शिजलेल्याच्या धारदार काड्या होतात आणि त्या आतड्यात अडकतात.

मासळीचं वेगळं पाहायला हवं

खाडीकाठच्या घरांत मांजराचं खाणं म्हणजे मासळी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातली मांजरं मासे खाऊनच मोठी होतात, हेही खरं. पण ती मांजरं उंदीर, पाली आणि इतर दहा गोष्टी खातात. चौथ्या मजल्यावरच्या तुमच्या मांजराला तुम्ही द्याल तेवढंच.

काही कच्च्या माशांत, विशेषतः कार्प कुळातल्या आणि अँकोव्ही वर्गातल्या काही जातींत, थायमिनेज नावाचं विकर असतं. ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. रोहू-कटला कार्प कुळातले आणि मांदेली अँकोव्हींच्या नात्यातली, म्हणून हे मासे कच्चे देणं टाळाच. बी-१ कमी झालं की मांजर आधी खाणं सोडतं, मग झोकांड्या खातं. पुढची खूण ठळक असते: मान पुढे गळते, हनुवटी छातीला टेकते आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या राहतात. त्यानंतर फेफरं येतं. हे दिसलं तर त्याच तासाला डॉक्टर गाठा. वेळेत बी-१ चं इंजेक्शन मिळालं तर मांजर झपाट्याने सुधारतं.

शिजवल्याने थायमिनेज नष्ट होतं. हिस्टामिन हा त्रासदायक पदार्थ मात्र शिजवूनही नष्ट होत नाही. बांगडा, कुपा, सुरमई हे मासे उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते वासावरून नेहमी कळतंच असं नाही. म्हणून संध्याकाळी उरलेला, स्वस्तात मिळालेला बांगडा मांजरासाठी घेऊ नका. बर्फावरचा, लाल कल्ल्यांचा, घट्ट मासा घ्या, काटे काढून वाफवा आणि आठवड्यातून एक-दोनदा चमचाभर द्या. तेलकट मासा हाच रोजचा आहार झाला तर ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते, मांजराला हात लावू देववत नाही. सुके बोंबील आणि सुकटही टाळा.

कच्च्यावर असलेलं मांजर कसं वळवायचं

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जंतूंचा धोका पहिल्याच दिवशी थांबवता येतो, पोषणाचा बदल मात्र सावकाश करायचा असतो. दोन्ही एकदम करायला गेलं की मांजर खाणंच सोडतं आणि माणूस कंटाळून परत कच्च्यावर येतो.

पहिला दिवस: जे मांस कच्चं देत होता तेच, तेवढंच, शिजवून द्या. नवीन काही आणू नका. कोमट द्या, कारण फ्रीजमधल्या थंड मांसाला वास नसतो आणि मांजर वासावर खातं.

दुसरा ते चौथा दिवस: तीन भाग शिजवलेलं मांस, एक भाग ओलं कॅट फूड. पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं आणि तुमच्या मांजराच्या वयासाठी असं लिहिलेलं असायला हवं. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलेलं खाणं पूर्ण आहार नव्हे. ट्यूनाचे छान छान पाऊच बऱ्याचदा या दुसऱ्या प्रकारातले असतात. टॉरिनचा आकडा बघा: आफ्को या अमेरिकी संस्थेच्या निकषाप्रमाणे कोरड्या खाण्यात किमान ०.१ टक्का, डबाबंद ओल्यात पाणी वजा करून ०.२ टक्के.

पाचवा ते सातवा दिवस निम्मं-निम्मं. आठवा ते दहावा, एक भाग मांस आणि तीन भाग कॅट फूड. त्यानंतर पूर्ण. नाक मुरडलं तर एक पायरी मागे जा आणि दोन दिवस तिथेच थांबा. कोरडे दाणे मिक्सरमध्ये भरडून ओल्यावर भुरभुरले तर नव्या चवीची सवय लवकर लागते.

"भूक लागली की खाईल आपोआप" हे मांजराच्या बाबतीत चालत नाही. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साठून जीव धोक्यात येतो. चार महिन्यांखालच्या पिल्लासाठी ही मर्यादा १०-१२ तासांचीच धरा.

किती द्यायचं? नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० किलोकॅलरी पुरतात. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसभरात ५५ ते ६० ग्रॅम. किंवा ८५ ग्रॅमचा एक पाऊच आणि सुमारे ४० ग्रॅम कोरडं. वाटीने मोजू नका, किचनचा वजनकाटा वापरा. वाटीत सहज दहा-पंधरा ग्रॅम जास्त जातात आणि वर्षभरात मांजर फुगतं. वरून घरचं चिकन द्यायचं असेल तर दिवसाच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे शिजवलेलं १२ ते १५ ग्रॅम.

संपूर्ण आहार घरीच शिजवायचा हट्ट असेल तर पशुपोषण जाणणाऱ्या डॉक्टरांकडून तुमच्या मांजरासाठी कृती लिहून घ्या. त्यात कॅल्शियम, टॉरिन आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण ग्रॅममध्ये दिलेलं असतं. चिकन-भात म्हणजे आजारपणातलं दोन-चार दिवसांचं खाणं. महिनोन्‌महिने चालवायचा आहार नाही.

चिकन आणणं, शिजवणं, ठेवणं

बाजारातलं बाकी सगळं घेऊन झाल्यावर शेवटी चिकन घ्या. बोनलेस पाव किलो पुरतं. वेगळ्या पिशवीत, जमलं तर बर्फाची थैली सोबत. उन्हाळ्यात घरी पोहोचेपर्यंत तासाच्या आत, एरवी दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये किंवा गॅसवर गेलं पाहिजे. फ्रीजमध्ये झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या खणात ठेवा, म्हणजे पाणी गळून कोथिंबिरीवर पडणार नाही.

नळाखाली धरून चिकन धुण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. धुतल्याशिवाय मन मानत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने खळबळा, पाणी अलगद ओता आणि लगेच सिंक साबणाने घासा.

पाव किलो चिकनचे दोन सेंटीमीटरचे तुकडे, बुडतील एवढं पाणी. मीठ, हळद, तेल काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही. दोन्हींमुळे मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणंही चूक. कुकरला दोन-तीन शिट्ट्या, किंवा झाकण ठेवून उकळी आल्यावर पंधरा मिनिटं. किचन थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. नसेल तर सर्वांत जाड तुकडा मोडून बघा, आत गुलाबी छटा नको. रंगापेक्षा थर्मामीटर जास्त भरवशाचा.

गार झाल्यावर ३०-३० ग्रॅमच्या छोट्या डब्यांत पाण्यासकट भरा. फ्रीजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. फ्रीझरमधलं रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर वितळवू नका. ताटलीत ओलं खाणं पाऊण-एक तासाहून जास्त राहू देऊ नका. पावसाळ्यात त्यावर माश्या त्याआधीच येतात.

फ्रीझरबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. "आठवडाभर फ्रीझ केलं की जंतू मरतात." काही परजीवी मरतात, तेही पुरेशा थंडीत पुरेसे दिवस ठेवलं तर. साल्मोनेला, लिस्टेरिया, एच५एन१ मरत नाहीत, थांबून राहतात आणि वितळल्यावर पुन्हा कामाला लागतात. फ्रीझ-ड्राय केलेल्या कच्च्या तुकड्यांचंही तेच. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. फ्रीज ४ अंशांच्या खाली असायला हवा. महावितरणची देखभाल असेल त्या दिवशी दार उघडू नका. चार तासांच्या वर वीज गेली तर फ्रीजमधलं मांस टाकून द्या.

भांडी आणि ओटा

मांजराची ताटली स्टीलची किंवा चिनी मातीची घ्या, प्लास्टिकच्या ओरखड्यांत जंतू टिकतात. प्रत्येक ओल्या खाण्यानंतर गरम पाणी आणि साबण, आणि तिची घासणी वेगळी. कच्च्या मांसाचा पाट आणि सुरी भाजीच्या पाटापासून वेगळी ठेवा. स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांना हे दाखवून सांगा, नुसतं सांगून विसरलं जातं. हात वीस सेकंद साबणाने.

ओटा आधी साबणाने पुसा. मग पाच लिटर पाण्यात पाच टक्क्यांचं घरगुती ब्लीच २० मिली घालून त्या पाण्याने पुसा, काही मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसून घ्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. फिनाइल आणि क्लोरोझायलेनॉल असलेली जंतुनाशकं मांजराच्या घरात टाळलेलीच बरी. मांजराच्या यकृताला हे पदार्थ निकामी करता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते थेट पोटात जातात. लिटर ट्रेसाठी उकळतं पाणी वापरा. टॉक्सोप्लाझ्माची अंडुकं ब्लीचला दाद देत नाहीत.

सोसायटीतली मांजरं

आवारातल्या मांजरांना खाऊ घालणारे हात दर सोसायटीत असतात, आणि ते असावेतच. फक्त छाटीची पिशवी कोपऱ्यात उलटी करू नका. उरलेल्यावर कावळे, उंदीर, घुशी येतात, आणि बर्ड फ्लूच्या दिवसांत कावळा आणि मांजर एकाच ढिगावर असणं फार धोक्याचं. कोरडं कॅट फूड ठरलेल्या वेळी ठेवा, अर्ध्या तासाने उरलेलं उचला, पाणी भरून ठेवा. तक्रारीही कमी होतात. आवारात मेलेले पक्षी दिसले तर हात लावू नका, मांजर घरात घ्या आणि पशुसंवर्धन विभागाला १९६२ या क्रमांकावर कळवा.

डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन

दिवसात तीन-चारदा उलटी, जुलाबात रक्त, अंग गरम आणि मांजर कोपऱ्यात निपचित, तोंड उघडून श्वास, लाळ, झोकांड्या, फेफरं, अचानक दिसेनासं होणं, मान गळणं. यांतलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, त्यामुळे हाताला जरा गरम लागलं म्हणजे ताप असं नाही. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळीही मांजराचा जीव घेते. माणसांची जुलाब थांबवायची गोळीही नको.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मांजराने कच्चं खाल्लंय, काय, कधी आणि कुठून आणलेलं. बरेच पालक हे ओशाळून लपवतात आणि तपासणीची दिशा चुकते. पाकिटाचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढा, उरलेलं खाणं दोन पिशव्यांत बांधून वेगळं ठेवा. शौचाचा ताजा नमुना घट्ट झाकणाच्या डबीत घ्या, लगेच निघता येत नसेल तर थंड ठेवा, पण खाण्याच्या फ्रीजमध्ये नको, बर्फाच्या डब्यात. श्वासाचा त्रास किंवा फेफरं असेल आणि आसपास मेलेले पक्षी दिसले असतील तर निघण्याआधी फोन करून तसं सांगा, म्हणजे दवाखान्यात मांजराला बाकीच्यांपासून वेगळं घेता येईल. मास्क आणि हातमोजे घालूनच हाताळा.

घराजवळचा दवाखाना रात्री उघडा असतो का, हे आजच विचारून ठेवा आणि नंबर फ्रीजच्या दारावर चिकटवा. मोठ्या तपासण्यांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने थेट परळ, नवी मुंबईहून कुर्ल्याला गाडी बदलून. मांजर बंद कॅरियरमध्ये, वर पातळ चादर, खाली जुना टॉवेल. घरातल्या कोणाला त्याच दिवसांत ताप किंवा जुलाब झाले तर आपल्या डॉक्टरांनाही मांजराच्या खाण्याबद्दल सांगा.